कान सांगेल तेच

सकाळी तोर्फीला अंथरुणातून उठवायचं म्हणजे अर्ध्या तासाची झटापट असायची. आधी त्याचे गुडघे दुमडून मी त्याला कुशीवर लोटायचे. मग पाय पलंगाखाली सोडायचे. मग एक हात काखेत आणि एक खांद्यामागे घालून, "हं, आता," म्हणत त्याला वर घ्यायचे. तो दात आवळायचा, पण तोंडातून आवाज काढायचा नाही. मेल्यानं एकदा तरी ओरडावं असं मला वाटायचं, म्हणजे किती दुखतंय ते निदान कळलं असतं. बसता झाला की दहा मिनिटं तसाच, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, समोरच्या भिंतीतल्या खिळ्याकडे बघत राहायचा. मान वळतच नव्हती, म्हणून जे समोर असेल ते बघायचं. तेवढ्यात मी खाली बसून त्याच्या पायांत लोकरीचे मोजे चढवून घ्यायचे.

बावन्न वर्षांचा गडी. तिशीत कंबर धरली, मग बरगड्या धरल्या, आणि चार वर्षांपूर्वी मान. किनाऱ्यावरच्या गावात डॉक्टर होता, त्यानं पाठीचे फोटो काढले आणि काचेवर लावून दाखवले. "मणक्यांचा संधिवात आहे," तो म्हणाला. "एकेक मणका खालच्याला चिकटत चाललाय. बरा होणारा आजार नाही हा. पण हालतं राहा. पडून राहिलात तर आहे तेवढंही जाईल." गोळ्या दिल्या, उशी काढून टाकायला सांगितली. गाडीत बसल्यावर तोर्फी म्हणाला, "हालतं राहा म्हणे. ह्याच्या घरी मेंढ्या आहेत का? मी काय बसून खातो?"

गोळ्यांनी दुखणं थोडं कमी व्हायचं आणि पोटात आग पडायची. घराच्या मागे गरम पाण्याचा झरा आहे आमचा, त्यात गळ्यापर्यंत बसला की चेहरा जरा सैल पडायचा. बाहेर वाऱ्यात आला की पुन्हा होता तसा. बाकी सगळं आम्ही जमवून घेतलं होतं. हनुवटीखालची दाढी मी करायचे. तपकीर ओढायला मान मागे जात नाही म्हणून तपकीर सुटली. ट्रॅक्टरवर मागचं गवत ओढायचं दाताळं दिसायचं नाही, तर माझ्या खोलीतला आरसा काढून त्यानं ट्रॅक्टरच्या दांडीला तारेनं बांधला. त्या उन्हाळ्यात मी केस अंदाजानं विंचरले. आणि मला बघायचं झालं तर त्याला अख्खं अंग वळवायला लागायचं, पायांसकट. त्यामुळे तो माझ्याकडे उगाच कधी बघायचा नाही. बघितलं की ते ठरवून बघितलेलं असायचं.

पण हे खोऱ्यात कुणाला कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. शपथच घातली होती त्यानं मला.

कारण साधं होतं. उन्हाळाभर खोऱ्यातल्या सगळ्यांच्या मेंढ्या डोंगरावर एकत्र चरतात. सप्टेंबरात प्रत्येक घरातून एक माणूस घोड्यावर जातो, सहा दिवस डोंगर धुंडाळून त्या खाली हाकत आणतो, आणि नदीकाठच्या दगडी मेंढवाड्यात ज्यानं त्यानं कानातली खूण बघून आपापली जनावरं ओढून न्यायची. घरातून माणूस गेलाच पाहिजे, नाहीतर डोंगरावर मेंढी सोडायचा हक्क नाही. सूट फक्त एका घराला, मेंढवाड्याच्या पंचाच्या. कुणाची कुठली मेंढी असा वाद झाला की निवाडा पंच करतो. अकरा वर्षं तोर्फी पंच होता. घोड्यावर तर तो आता अर्धा तास टिकला नसता. आम्हाला मुलगा नाही, मुलगी ओड्नी तिकडे राजधानीत, रेक्याविकला, मासळीच्या कारखान्यात. पंचाचं काम गेलं तर मेलार, आमचं शेत-घर, तिथून डोंगरावर जायचं कुणी? आणि डोंगर नाही तर मेंढ्या नाहीत, मेंढ्या नाहीत तर मेलार नाही. ओड्नी फोनवर दर रविवारी सांगायचीच, इथं दोन खोल्या बघून ठेवल्यात, या म्हणून. तोर्फी फोन माझ्या हातात देऊन बाहेर जायचा.

लोकांना वाटायचं, मेलारच्या तोर्फीला फार गर्व चढलाय. एकदा दुकानात वेदिसनं मला गाठलं. वेदिस म्हणजे वरच्या वाडीतली विधवा, पंधरा-वीस मेंढ्या आणि एक खोकला एवढीच तिची इस्टेट. "काल तुझा नवरा रस्त्यात दिसला," ती म्हणाली. "तीन हाका मारल्या. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. एवढा कसला ताठा गं त्याला?"

"स्वभावच तसा आहे त्याचा," मी म्हणाले आणि साखर घेऊन निघाले. नवऱ्याला गर्विष्ठ म्हणवून घेतलं, पण आजारी म्हणवून घेतलं नाही.

वेदिसचा त्याच्यावर राग होता, त्यालाही कारण होतं. तीन वर्षांपूर्वी मेंढवाड्यात तिच्या एका मादी कोकरावरून वाद झाला. त्या कोकराचा कान थंडीनं झडून वेडावाकडा झाला होता. आमचा शेजारी, होल्त नावाच्या शेतावरचा इलुगी, म्हणाला, ही खूण माझी. वेदिस म्हणाली, "अरे, आई मेली तिची, मी बाटलीनं दूध पाजून वाढवलीय. हाक मारली की येते." आणि खरंच तिनं हाक मारून दाखवली. तोर्फीनं निवाडा दिला, होल्तची. वेदिस रडायला लागली तेव्हा म्हणाला, "बाई, रडून काय होणार? कान सांगेल तेच." ते वाक्य मग खोऱ्यात लोकांच्या तोंडी बसलं. पोरंसुद्धा खेळताना म्हणायची.

ज्या साली हे सगळं झालं, त्या साली मे महिना वाईट गेला. कोकरं भराभर होत होती, गोठ्यात जागा नव्हती, गवताचा ढीग तळाला गेला होता. खुणा करून आया-पोरांना बाहेर सोडायची घाई. आमची खूण तोर्फीच्या आज्याच्या वेळची, उजव्या कानाचं टोक छाटायचं आणि डाव्या कानाला मागून एक खाच. होल्तची नेमकी उलटी, डाव्याचं टोक आणि उजव्याला खाच. मेलार आणि होल्त आधी एकच होतं, दोन भावांनी वाटणी केली तेव्हा खूणही अशीच वाटून घेतली होती. तोर्फी कोकरू पाठमोरं गुडघ्यांत धरायचा आणि वरून वाकून कापायचा. वाकणं म्हणजे काय, सगळं अंग कमरेतून खाली टाकायचा, भिंतीला डोकं टेकून. तसं करत करत निम्मी झाली.

मग एका सकाळी ट्रॅक्टरवरून उतरताना पाय घसरला. पडला नाही, नुसता हिसका बसला. पण त्या दिवसापासून मान जी धरली ती अगदी खुंटीसारखी. हनुवटी पुढे, नजर समोर, खाली बघायचं नावच नको. दोन दिवस तो गोठ्यात उभा राहून नुसता कोकरांचा आवाज ऐकत होता.

"इलुगीला बोलवू का?" मी विचारलं.

"बोलव की. आणि मग मेंढवाड्यातही त्यालाच बसव."

"मग काय करायचं? बाहेर सोडायचीत ती. खायला काय घालू, तुझी गादी?"

शेवटी मीच म्हटलं, मी धरते वर, तुझ्या छातीशी. तू समोर बघून काप. गोठ्याच्या दाराशी उजेडात उभं केलं त्याला. मी एकेक कोकरू काखेत हात घालून उचललं आणि बाप्तिस्म्याला पाळकापुढे पोर धरतात तसं त्याच्यापुढे धरलं, तोंड त्याच्याकडे करून. सवयीचा हात होता. एका बाजूचं टोक, दुसऱ्या बाजूची खाच. कोकरू बेंबाटायचं, रक्ताचे दोन थेंब माझ्या मनगटावर, की पुढचं. दुपारपर्यंत त्रेचाळीस झाली. माझे खांदे भरून आले होते, पण बरं वाटत होतं. तोर्फीनं अंग वळवून माझ्याकडे बघितलं. "तू होतीस म्हणून," एवढंच म्हणाला. तो फार बोलणारा नव्हे, म्हणून मी ते वाक्य उन्हाळाभर पुरवून पुरवून वापरलं.

कान बघायचं काम आमच्यात माझं नाही. मी मेंढ्या तोंडावरून ओळखते. आणि त्याला खाली बघता येत नव्हतं. पंधरा दिवसांनी सगळी जनावरं डोंगरावर गेली.

सप्टेंबरात मेंढवाड्याच्या दिवशी गारठ्याचा पाऊस होता, मध्येच बर्फाची भुरभुर. आम्ही सगळ्यांच्या आधी पोचायचो, कारण जीपमधून उतरायला तोर्फीला वेळ लागायचा आणि तो कुणी बघायला नको. दगडी भिंतीला टेकून, फाटकाच्या खांबाला हात लावून तो उभा राहिला की झालं. वाद आला की म्हणायचा, "वर ठेवा भिंतीवर, पावसात दिसत नाही." दोघं जण मेंढी उचलून भिंतीवर छातीच्या उंचीला धरायचे. ही रीत त्यानं मागच्या दोन वर्षांतच पाडली होती. लोक हसायचे, पंचाचा रुबाब वाढलाय म्हणायचे.

इलुगी आला तोच बाटली पुढे करत. मोठा, लाल तोंडाचा माणूस, आवाज असा की पलीकडच्या काठावर कळावं. "घे तोर्फी. थंडी मार."

बाटली तोंडाला लावायची तर मान मागे टाकावी लागते. तोर्फीनं गुडघे वाकवले, कमरेतून मागे झुकला, ओठ ओले केले आणि परत दिली.

"हे काय पिणं झालं? चिमणीनं बरं पिलं असतं. की होल्तची दारू चालत नाही पंचाला?"

"काम आहे दिवसभर," तोर्फी म्हणाला. मी त्याच्या हाताकडे बघितलं. खांबावरची बोटं पांढरी पडली होती.

मग मेंढ्या आल्या. दोन हजार जनावरं, वाफ, ओल्या लोकरीचा वास, कुत्र्यांचा गलका. मधल्या गोल अंगणात सोडल्या की माणसं शिंगाला धरून, पायांत दाबून भोवतीच्या आपापल्या घराच्या खणाकडे ओढतात. मी आमच्या फ्लेक्काला ओळखलं, काळ्या डागाची, जुनी मेंढी. तिच्या मागं तिची दोन कोकरं, चांगली धष्टपुष्ट. मी फ्लेक्काचं शिंग धरलं तोवर इलुगीच्या थोरल्यानं एक कोकरू उचलून होल्तच्या खणात टाकलंसुद्धा.

"अरे ए! ते आमचं आहे. आई बघ ना ही."

"कान बघ, ग्रोआ," तो म्हणाला. पोरगं उद्धट नव्हतं, नुसतं घाईत होतं.

मी दुसऱ्या कोकराचा कान बघितला. डाव्याचं टोक छाटलेलं, उजव्याला खाच. मला वाटलं, पावसात चुकतेय. परत बघितलं. तेवढ्यात शेजारून आणखी एक गेलं, मग आणखी दोन. आमच्या मेंढ्या होल्तच्या फाटकाशी उभ्या राहून बें-बें करत होत्या आणि आतून त्यांची पोरं उत्तर देत होती.

इलुगीलाच ते बघवेना. "हे काहीतरी भलतंच आहे," तो ओरडला. "पंचाकडे न्या."

दोघांनी फ्लेक्काचं कोकरू भिंतीवर तोर्फीच्या समोर धरलं. माणसं गोळा झाली. वेदिसही आली, डोक्याला फडकं गुंडाळून, खोकत. तोर्फीनं एक कान धरला, मग दुसरा. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. त्याच घडीला माझ्या हातांना आठवलं. गोठ्याचं दार, तोंड त्याच्याकडे केलेलं कोकरू. त्याची उजवी म्हणजे कोकराची डावी. त्रेचाळीस वेळा मी धरलं होतं तसं, आणि त्रेचाळीस वेळा त्यानं कापलं होतं.

"काय म्हणतोय कान, तोर्फी?" वेदिसनं विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तो समोर बघत होता. पाऊस त्याच्या भुवयांवरून ओघळत होता, पण एक हात खांबावर आणि दुसरा कानावर, पुसायला मोकळा हात नव्हता.

"होल्तचं," तो म्हणाला.

"अरे पण आई तुझी आहे," इलुगी म्हणाला.

"पुढचं आणा."

पुढचं आणलं. "होल्तचं." त्याच्या पुढचं. "होल्तचं." दर वेळी दोघं उचलून धरायचे, तो दोन्ही कान चाचपायचा आणि तेच म्हणायचा. पंधरा झाली, अठरा झाली. मला कळत होतं, ती गेली तर कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढवायला आमच्याकडे निम्मीच उरतात आणि तेवढ्यावर हिवाळा काढता येत नाही. त्यालाही कळत होतं. पण चूक कशी झाली ते सांगायचं तर मान सांगावी लागणार, आणि ती तो सांगणार नव्हता. मेलार बुडालं तरी चालेल, पण वाकता येत नाही म्हणून नको. असला हा माणूस. मला त्याची कीव आली आणि त्या भिंतीवरच त्याच्या एक ठेवून द्यावीशीही वाटली.

विसाव्याला इलुगी मध्ये पडला. "बास झालं. मला काय चोर करतोस का भरदिवसा? माझ्या पोरांनी केल्या नाहीत या खुणा. तू केल्यास. कशा झाल्या ते सांग, एवढंच. मी फाटक उघडतो आणि सगळी हाकून देतो तुझ्याकडे."

तोर्फीनं मोकळा हात पुढच्या कोकरासाठी पुढे केला.

"सांग की रे! दारू प्याला होतास?"

कुणीतरी हसलं. तोर्फी म्हणाला, "हो. प्यालो होतो."

जो माणूस बाटलीतून घोट घेऊ शकत नाही, तो सगळ्या खोऱ्यापुढे दारुडा व्हायला तयार झाला. तिथं माझा बांध फुटला. शपथ गेली उडत.

"खोटं बोलतोय तो," मी म्हणाले. "त्याची मान वळत नाही. पाठही नाही. चार वर्षं झाली, मणके चिकटलेत. सकाळी मी उठवल्याशिवाय उठत नाही तो, मोजे मी घालते त्याचे. खाली बघता येत नाही म्हणून कोकरं मी वर धरली, आणि मी उलटी धरली. चूक माझी आहे. त्याच्याकडे तोंड करून धरली मी."

भिंतीवर कोकरू धरलेली दोघं तशीच उभी होती. इलुगीनं हातातल्या बाटलीकडे बघितलं आणि ती कोटाच्या खिशात घातली.

"अरे बाबा," तो म्हणाला. "मग आधी नाही का सांगायचं?"

तो फाटकाकडे निघाला. तेवढ्यात वेदिस पुढे आली, अगदी तोर्फीच्या तोंडासमोर उभी राहिली, म्हणजे त्याला ती दिसेल अशी. रागावलेली नव्हती. रागावलेली असती तर सोपं गेलं असतं.

"चार वर्षं म्हणाली ती," वेदिस म्हणाली. "माझं कोकरू तीन वर्षांमागं आणलं होतं तुझ्यापुढे. तेव्हा भिंतीवर नव्हतं ठेवलं कुणी. जमिनीवर होतं, माझ्या गुडघ्यांत. तू बघितलं तरी होतंस का, तोर्फी?"

मी मनात म्हटलं, बोलू नकोस. हो म्हण, नाहीतर गप्प राहा. आज एवढं झालं ते पुरे.

"नाही," तोर्फी म्हणाला. "वाकता आलं नाही. इलुगी 'माझं' म्हणाला, म्हणून त्याचं म्हणालो."

इलुगी फाटकाच्या कडीला हात लावून थबकला होता. तो मागं वळून म्हणाला, "वेदिस, माझ्या खणातलं हवं ते घे. चांगलं बघून घे. दोन घे."

"नको," ती म्हणाली. "ते हाकेला येत होतं."

आणि ती तिच्या मेंढ्या शोधायला गेली.

त्या दिवशी पुढचे निवाडे कुणी मागितले नाहीत. इलुगीनं सगळी कोकरं आमच्या खणात हाकली. त्याच्या पोरांनी एकेकाच्या कानाला वरून आणखी एक खाच दिली, म्हणजे जुनी खूण रद्द झाल्याचं दिसावं. तोर्फी खांबाशी उभाच होता. आता सगळे त्याला मदत करायला धावत होते. एकानं त्याचा पडलेला हातमोजा उचलून दिला. एकानं मटणाच्या सुपाचा वाडगा आणला आणि चमचा हातात नीट दिला, जसा आजोबांना देतात. एक बाई माझ्या खांद्याला थोपटून म्हणाली, "बिचारा." जीपपर्यंत दोघं त्याला धरून घेऊन आले, त्याला धरायची गरज नसताना. इलुगीनं दार उघडलं, त्याच्या गुडघ्यांवर घोंगडी घातली, वरून दाबली. तोर्फीनं सगळं करू दिलं. त्याचा चेहरा मी बघितला आणि मग रस्त्याकडेच बघत गाडी चालवली.

दारात मी म्हटलं, "कोकरं तर आली ना परत. निदान ट्रक भरेल." तो माझ्या पुढून आत गेला. माझ्याकडे बघायला त्याला अख्खं अंग वळवावं लागलं असतं. त्यानं ते वळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या माणसाचा फोन आला. फार गोड बोलला. तोर्फीनं आता आराम करावा, एवढी वर्षं खोऱ्यासाठी केलं, सगळे आभारी आहेत, पुढच्या वर्षी इलुगी बघेल. मेलारमधून डोंगरावर कोण जाणार ते सावकाश कळवा, घाई नाही. मी बरं म्हटलं. रविवार नव्हता तरी मी ओड्नीला फोन लावला आणि त्या दोन खोल्यांना खिडकी कुठल्या बाजूला आहे ते विचारून घेतलं. ती रडायला लागली. मी तिला गप्प केलं, फोनवर रडण्यात पैसे जातात म्हणून.

तीन दिवस घरात एक शब्द नाही. पण अबोला धरला म्हणून माणूस आपोआप उठून बसत नाही. रोज सकाळी मी त्याचे गुडघे दुमडायचे, कुशीवर लोटायचे, काखेत हात घालायचे. तो मला आपलं सगळं वजन द्यायचा आणि खिळ्याकडे बघायचा. झऱ्यावर नेलं, पाठ चोळली, हनुवटीखालची दाढी केली. वस्तरा त्याच्या गळ्यावर होता तेव्हाही तो बोलला नाही. मला त्याची माफी मागायची होती आणि त्यानंही मागावी असं वाटत होतं.

चौथ्या सकाळी मी खाली बसून मोजा चढवत होते. तिथं बसले की मी त्याला दिसत नाही. वरून आवाज आला, "ग्रोआ."

"काय?"

"वेदिस त्या कोकराला काय म्हणायची?"

मला क्षणभर कळेना कुठलं. मग कळलं. "पेर्ला."

बाहेर ट्रॅक्टरच्या दांडीला बांधलेला आरसा वाऱ्यानं तारेवर खडखडत होता. अजून काढला नव्हता कुणी.

"तिनं हाक मारली आणि ते आलं," तोर्फी म्हणाला. "सगळ्या गर्दीतून, माणसांच्या पायांतून, तिच्याकडेच. मी बघितलं ते. समोरच होतं."

मी मोजा धरून बसले.

"तेवढं बघायला मान वाकवावी लागत नव्हती गं," तो म्हणाला.

टाचेवरची घडी सरळ केली आणि दुसरा मोजा घेतला. त्याचं पाऊल गार पडलं होतं, म्हणून आधी थोडा वेळ दोन्ही हातांत धरून ठेवलं.